राष्ट्रसंघात अमेरिका गेली नाही, ती नक्की कुणामुळे?

शाईचा_डाग
पाठ्यपुस्तकात एकच ओळ असते: अध्यक्ष विल्सन यांनी राष्ट्रसंघाची (लीग ऑफ नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) कल्पना मांडली, पण अमेरिकेला जगाच्या भानगडीत पडायचं नव्हतं म्हणून सिनेटने ती फेटाळली. मात्र राष्ट्रसंघाचा मसुदा ज्यात होता त्या व्हर्सायच्या तहावर सिनेटमध्ये १९ मार्च १९२० ला झालेल्या मतदानात ४९ मतं बाजूने आणि ३५ विरुद्ध पडलेली दिसतात. बहुमत असूनही ठराव पडला कसा? आणि रिपब्लिकन सिनेटर लॉज यांनी तहाला जोडलेल्या शर्तींमध्ये एवढं होतं तरी काय?

गणिती
तह मंजूर व्हायला हजर सदस्यांची दोन तृतीयांश मतं लागतात. त्या दिवशी ८४ जणांनी मत दिलं, म्हणजे ५६ हवी होती. सात कमी पडली.

खरी गोम पुढे आहे. तहाला शर्त जोडायला मात्र साधं बहुमत पुरतं. नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीनंतर ९६ जणांच्या सिनेटमध्ये रिपब्लिकन ४९ आणि डेमोक्रॅट ४७ झाले. मिशिगनची एक जागा इकडची तिकडे झाली असती (तिथे हेन्री फोर्ड थोडक्यात पडले) तर ४८-४८ झाले असते, उपाध्यक्षांचं निर्णायक मत डेमोक्रॅटांना मिळालं असतं आणि परराष्ट्र समितीचं अध्यक्षपद लॉज यांच्याकडे गेलंच नसतं. ते गेलं. त्यांनी समितीत कट्टर विरोधक भरले, तहाचा सगळा मसुदा मोठ्याने वाचून काढण्यात दोन आठवडे घालवले, मग सुनावण्या लावल्या. तोवर लोकांचा सुरुवातीचा उत्साह ओसरला.

म्हणजे शर्ती घालायची ताकद एका पक्षाकडे होती, पण तह मंजूर करायला दोन्ही पक्ष लागत होते. विल्सन यांना हे आधीच दिसायला हवं होतं. मार्च १९१९ मध्ये ३७ सिनेटरांनी सहीनिशी कळवलं होतं की राष्ट्रसंघाचा मसुदा आहे त्या रूपात आम्हाला मान्य नाही. तह अडवायला ३३ पुरतात! तरीही पॅरिसच्या शांतता परिषदेला गेलेल्या अमेरिकी शिष्टमंडळात एकही सिनेटर नव्हता आणि रिपब्लिकन पक्षातला एकही वजनदार नेता नव्हता.

कलम_दहा
शर्तींबद्दल. मूळ वाद राष्ट्रसंघाच्या मसुद्यातल्या कलम १० चा. प्रत्येक सदस्याच्या भूभागाचं आणि स्वातंत्र्याचं परकीय आक्रमणापासून रक्षण करायचं, असं ते कलम सांगतं. लॉज यांची शर्त अशी: अमेरिकी काँग्रेस त्या त्या वेळी कायदा किंवा संयुक्त ठराव करेल तरच अमेरिका हे बंधन मानेल, एरवी नाही. विल्सन म्हणत, हे बंधन नैतिक आहे, कायदेशीर नाही. पण शर्त घातली की कलमाचा जीवच जातो. गंमत म्हणजे, राष्ट्रसंघाच्या कौन्सिलमध्ये निर्णय एकमताने व्हायचे, त्यामुळे अमेरिकेच्या मर्जीविरुद्ध तिचं सैन्य कुठे जाण्याची भीती तशीही फारशी नव्हती. युद्ध पुकारण्याचा अधिकारही घटनेने काँग्रेसलाच दिलेला. दोघांच्या भूमिकेत व्यवहारात किती अंतर होतं, हे मला आजही नीट सापडत नाही.

बाकीच्या शर्ती मन्रो धोरण (अमेरिका खंडात युरोपची ढवळाढवळ नको), शांटुंगचा प्रश्न (चीनमधले जर्मनीचे हक्क जपानला देणं), राष्ट्रसंघातून बाहेर पडण्याचा हक्क वगैरेंच्या.

शाईचा_डाग
मग ती ३५ मतं कुणाची? सगळे अलिप्ततावादी?

गणिती
नाही, आणि पाठ्यपुस्तकाची ओळ चुकते ती इथेच. ३५ पैकी अलिप्ततावादी रिपब्लिकन (बोरा, जॉन्सन वगैरे) फक्त १२. उरलेले २३ डेमोक्रॅट, विल्सन यांच्याच पक्षाचे! शर्तींसह तह स्वीकारू नका, असा त्यांना व्हाइट हाउसचा निरोप होता. २१ डेमोक्रॅटांनी तो झुगारून बाजूने मत दिलं. आणखी सात जण फिरले असते तर ५६-२८, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश.

१९ नोव्हेंबर १९१९ ला दोन्ही वाटा तपासून झाल्या होत्या: शर्तींसह ३९-५५, शर्तींविना ३८-५३. शर्तींविना तह मंजूर होणार नाही, हे त्याच दिवशी स्पष्ट झालं होतं. विल्सन यांना २ ऑक्टोबरला पक्षाघाताचा झटका आला होता आणि त्यांच्यापर्यंत फार थोडे लोक पोहोचत होते, हे खरं. पण ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी जानेवारी १९२० मध्ये ‘टाइम्स’ला पत्र लिहून सुचवलं होतं की शर्ती घालून का होईना, अमेरिका आत आलेली बरी. त्यानंतरही विल्सन हटले नाहीत.

बोरीबंदर
एक शर्त आपल्या संबंधातली. ब्रिटिश साम्राज्याला राष्ट्रसंघात सहा मतं मिळणार होती: ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान. यावर सिनेटमध्ये मोठा गहजब झाला. हिंदुस्थानच्या वतीने तहावर सह्या ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या, म्हणजे ते मत लंडनचंच, हा सिनेटरांचा आक्षेप काही खोटा नव्हता. त्याच वर्षी टिळक लंडनहून शांतता परिषदेकडे हिंदुस्थानसाठी स्वयंनिर्णय मागत होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

कलम_दहा
१९४५ ला काय बदललं तेही बघा. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेच्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेसाठीच्या शिष्टमंडळात दोन्ही पक्षांचे सिनेटर नेमले, कॉनली आणि व्हँडेनबर्ग. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार होताच. २८ जुलैला संयुक्त राष्ट्रांची सनद सिनेटमध्ये ८९-२ ने मंजूर. आणि डिसेंबरच्या अंमलबजावणीच्या कायद्यात काय आलं? संयुक्त राष्ट्रांना सैन्य पुरवायचा करार काँग्रेसच्या मंजुरीविना होणार नाही. लॉज यांचीच शर्त, यावेळी विनातक्रार. तसा करार मात्र कधी झालाच नाही, आणि १९५० मध्ये ट्रुमन यांनी काँग्रेसला न विचारता कोरियात सैन्य उतरवलं.