रत्नागिरी, गाडी भाड्याने न घेता: मदत हवी आहे

अनुष्का_दादर: रत्नागिरीला चार दिवस जायचंय. गाडी करायची नाही. गणपतीपुळे, पावस, रत्नदुर्ग किल्ला एवढं झालं पाहिजे. हॉटेल कुठे घेऊ? बुकिंग आजच करायचंय, लवकर सांगा.

सागरवेळ: कधी? सोबत कोण? पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं.

हातखंबा: स्टेशनजवळ अजिबात घेऊ नका. स्टेशन कुवारबावला, गाव तिथून सहा-सात किलोमीटर. मारुती मंदिर ते मुख्य स्टँड या पट्ट्यात घ्या.

दर्या१: त्यापेक्षा अलिबाग करा. गेटवेहून मांडव्याला बोट, त्याच तिकिटात पुढे अलिबागपर्यंत बस.

सागरवेळ: त्यांनी रत्नागिरी विचारलंय. आणि गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, महिना कळल्याशिवाय कसं सुचवता?

अनुष्का_दादर: डिसेंबर. आईबाबा सोबत आहेत. आईचे गुडघे दुखतात.

आमराई: डिसेंबरात हापूस मिळणार नाही. एप्रिल-मेमध्ये या.

हातखंबा: गुडघ्यांचं आधी सांगायचं ना! मग रात्रीची रेल्वे नको. ती पहाटे उतरवते, खोली मिळते दुपारी. जनशताब्दी बघा, अकराच्या आसपास पोचते. पुळ्याला जाताना बसची पाटी नीट वाचा: 'मार्गे आरे-वारे' हवी, साधारण पंचवीस किलोमीटर. निवळीवरून जाणारी बरीच वळसा घालते. जाताना डावीकडची खिडकी धरा, समुद्र त्याच बाजूला. दर्शन करा, पण डोंगराची प्रदक्षिणा आईंना नको, ती किलोमीटरभर आहे. आणि तिथे पाण्यात कुणीच उतरू नका, वाळू एकदम खोल जाते.

सागरवेळ: शहरातल्या आणि जवळपासच्या एसटी गाड्यांसाठी रहाटघर स्टँडवर विचारा. उतरल्या उतरल्या नियंत्रकाकडून परतीची शेवटची गाडी विचारून घ्यायची. रत्नदुर्गाला मात्र रिक्षाच करा, जाऊन-येऊन ठरवून. वर सोडून गेली तर परतीला रिक्षा मिळत नाही. पायऱ्या आहेत, आईंना झेपेल तेवढंच चढू दे.

हातखंबा: बाबांचं वय काय? एसटीत ७५ च्या वर मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. महिलांना अर्धंच. आधार कार्ड जवळ ठेवा.

अनुष्का_दादर: बाबा ७६. जनशताब्दीला वेटिंग दाखवतंय.

सागरवेळ: मग मांडवी एक्सप्रेस. सकाळी निघते, दुपारी रत्नागिरी, खोलीही तयार मिळेल. तारीख ६० दिवसांच्या आतली आहे का तेवढं बघा, नाहीतर आरक्षण उघडलेलंच नसेल. नाताळच्या आठवड्यात जाणार असाल तर परतीचं तिकीट आधी काढा, हॉटेल नंतर.