मदत हवी आहे: उलट्यांवर साळीच्या लाह्यांचं पाणी कसं करायचं?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. बायकोला तिसरा महिना चालू आहे आणि गेले आठ दिवस उलट्यांनी पार बेजार झालीय, सकाळी डोळे उघडले की सुरू, त्यात गल्लीत सगळ्यांची वर्षाची चटणी करायची गडबड, मिरच्या भाजल्याचा ठसका घरात आला की तिला लगेच ढवळून येतं, दारं-खिडक्या लावून बसतोय दोघं.

डॉक्टर मॅडमना दाखवलंय, गोळी चालू आहे. त्या म्हणाल्या उपाशी ठेवू नका, थोडं थोडं पोटात जाऊ दे, पण घोटभर पाणीही ठरेना झालं किंवा लघवी कमी आणि गडद व्हायला लागली तर लगेच घेऊन या. अजून तशी वेळ आलेली नाही. आल्याचा बारका तुकडा सैंधव लावून चोखते, मॅडमनी थोडं आलं चालेल म्हटलंय, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

आता मुख्य प्रश्न. लहानपणी मला उलट्या झाल्या की आजी साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून कुस्करायची, गाळून खडीसाखर आणि वेलदोड्याची पूड घालून चमच्याचमच्यानं पाजायची. ते पोटात राहायचं हे नक्की आठवतंय. आजी नाही, आई पण नाही, घरात विचारायला मोठं कोणी नाही. लाह्या किती, पाणी किती, साधं का कोमट, किती वेळ भिजवायच्या? चिमूटभर मीठ घालायचं का? आणि केलेलं पाणी किती वेळ चालतं, का दरवेळी ताजंच करायचं?

लक्ष्मीपुरीत विचारलं तर एकानं जोंधळ्याच्या लाह्या दिल्या, दुसरा चुरमुरेच घ्या म्हणाला. साळीच्या लाह्या शेवटी पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळाल्या, पण त्यात टरफलं लई आहेत आणि किती दिवसांच्या आहेत काय माहीत, निवडून, जरा भाजून घेतल्या तर खायला चालतील का?

अजून एक, शेजारच्या काकी ओव्याचा काढा द्या म्हणतात, समोरच्या आजी म्हणतात ओवा उष्ण, पोटुशीला काढा अजिबात देऊ नको. दोघी मायेनंच सांगतात, पण मी मॅडमना विचारल्याशिवाय काढा देणार नाही. लाह्यांच्या पाण्याचं मात्र कुणी स्वतः करून दिलं असेल तर वाटी-चमच्याच्या मापात सांगा प्लीज, पहाटे पाचला तिला जाग येते, त्याच्या आधी करून ठेवीन.