मदत हवी आहे: जुनी जर्मन गाडी घेऊ की नको?

राजेहो, सल्ला पाहिजे. गाव दारव्ह्याच्या पुढं. नागपूरचे ओळखीचे डॉक्टर त्यांची 2011 ची डिझेल सेडान नव्या स्विफ्टच्या निम्म्या भावात देतो म्हणतात. इंजिन गुळगुळीत, सीटा अजून कडक.

माझी भीती एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलायची सोय. रबराचे फुगे जुने झाले की तडकतात, हवा गळते, ती भरून काढता काढता कंप्रेसर जळतो. सकाळी पाहायला गेलो तर गाडी पुढच्या डाव्या चाकावर बसलेली. चालू केल्यावर घरघरत वर आली. डॉक्टर म्हणे, थंडीनं होते तसं. मे महिन्यात!

हे काढून साधे स्प्रिंग कोणी टाकले का? चाल बिघडते का? ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची एकही पावती नाही, त्याचं किती मनावर घ्यायचं? यवतमाळ-अमरावतीकडं स्कॅनर लावून फॉल्ट वाचणारा भरवशाचा मिस्त्री आहे का? दरवेळी टोचन करून नागपूर परवडणार नाही. शिवाय पंधरा वर्षांनंतर आरटीओत फिटनेस, ग्रीन टॅक्स, तेव्हा कुठं पाच वर्षांची नोंदणी.

अ‍ॅव्हरेजचं सांगू नका, ते सोडूनच दिलंय. वर्षाकाठी खरा खर्च किती येतो तेवढं वापरणाऱ्यांनी सांगा.