अनुभव सांगा: वाई-पाचगणीला गाडीतच काढलेली रात्र

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या जुन्या ट्रॅव्हलरच्या मागच्या सीट काढून फळ्यांचा पलंग, पाण्याचा पिंप आणि शेगडी बसवली. सांगलीहून निघून पहिला मुक्काम केला तो वाईला, ऑगस्टात. पसरणीचा घाट अंधारात चढायचा नव्हता. पण गाडी लावायची कुठे हे शोधण्यातच दोन तास गेले. नळ, वीज, संडास असलेला गाड्यांचा तळ आम्हाला मिळाला नाही. शेवटी ढोल्या गणपतीच्या बाजूला नदीकाठी सपाट जागा दिसली. चाकांना दगड लावत होतो तेवढ्यात एक आजोबा काठी टेकत आले.

"पावणं, हितं नगा थांबू. वरनं धोम धरणाचं पाणी सोडलं की घाट बुडतोय."

त्यांनीच पुढे चालत जाऊन एका पिठाच्या गिरणीचं आवार दाखवलं, मालकाशी बोलून दिलं. सकाळी घाटावर गेलो तर आदल्या संध्याकाळी मोजलेल्या पायऱ्यांपैकी चार पाण्याखाली होत्या. त्या आजोबांचं नावही आम्ही विचारलं नाही, याची रुखरुख आजही आहे. या भागात ज्यांनी गाडीत रात्र काढली असेल त्यांनी जागा, पाणी, संडास, आणि जे चुकलं तेही लिहा.

कराडहून, दोन मुलींची आई

बायकांसाठी पहिला प्रश्न संडासाचा. आम्ही आता महामार्गावरच, पाचवड फाट्याला वाईकडे वळायच्या आधी, पेट्रोलपंपावर सगळं उरकून घेतो. तिथं रात्रीही दिवे आणि माणसं असतात. गावात मुक्काम असेल तर धर्मशाळेत विचारते. पैसे घेतात, पण आत कडी लागते. मुलींना रात्री उठावं लागलं तर जायचं कुठे, हे ठरल्याशिवाय मी गाडी लावू देत नाही.

साताऱ्याहून

डिसेंबरात पाचगणी. उंची तेराशे मीटरच्या आसपास, पहाटे दात वाजत होते. काचा गच्च बंद करून इंजिन चालू ठेवलं आणि हीटर लावून झोपलो. तीनच्या सुमारास बायको उठली, डोकं ठणकतंय, मळमळतंय म्हणाली. माझंही डोकं जड होतं. दार उघडून दोघं बाहेर थंडीत बसलो, तासाभराने बरं वाटलं. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "इंजिन चालू होतं का?" धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. त्या रात्री तिला जाग आली नसती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आता दोन घोंगड्या, लोकरीची टोपी, आणि दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या. शेगडीही आत पेटवत नाही. कृपा करून कोणी पेटवू नका.

इस्लामपूरहून

घाट उतरताना भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा. मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरलो, खाली येईपर्यंत जळका वास सुटला. अर्धा तास थांबावं लागलं.

वाईहून, जिच्या अंगणात गाड्या थांबतात ती

तुम्ही विचारून थांबता तेव्हा आम्हाला बरं वाटतं. सासूबाई तर चहा घेऊन बाहेरच येतात. पण मागच्या महिन्यात एका कुटुंबाने भांड्यांचं साबणाचं पाणी नदीकडे जाणाऱ्या चरात ओतलं. आम्ही कृष्णामाईचा उत्सव करणारी माणसं, फार वाईट वाटलं. घरामागे नारळाचं आळं आहे, तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी तिथं घाला. साबणाचं न्हाणीघरात ओता. संडासाची किल्ली उंबऱ्याशेजारच्या खिळ्याला असते. रात्री कितीही वाजले तरी घ्या.