बुडालेली बोट प्रदर्शनात ठेवावी का?

रेवती_पुणे

नमस्कार. मी एका कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला समकालीन कला शिकवते. सध्या भूमध्य समुद्रात बुडून मेलेल्या स्थलांतरितांवरच्या कलाकृती घेतल्या आहेत आणि स्विस कलाकार ख्रिस्तोफ ब्युखेलच्या 'बार्का नोस्त्रा' ('आमची बोट') या कलाकृतीपाशी वर्ग अडला आहे.

१८ एप्रिल २०१५ च्या रात्री लिबियाहून निघालेली मासेमारीची बोट बुडाली. ८०० हून अधिक माणसं गेली, २८ वाचली. इटलीच्या नौदलाने २०१६ मध्ये ती सुमारे ३७० मीटर खोलीवरून वर काढून सिसिलीला नेली. तिथे आतले मृतदेह बाहेर काढले. २०१९ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, ब्युखेलने तीच बोट आर्सेनाले या जुन्या गोदीच्या धक्क्यावर उभी केली. शेजारी माहितीचा फलक नाही, जवळच कॅफे.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, यात कलाकाराने काय केलं?" मागून एक जण म्हणाला, "तिथवर आणली, हेच पुष्कळ नाही का?" दोघंही मनापासून बोलत होते. तुम्हाला काय वाटतं? आणि याशिवाय काय दाखवावं?

अनघा_मिलान

मी त्या वर्षी व्हेनिसला ती बोट पाहिली. लोक तिच्यासमोर कॉफी पीत होते, फोटो काढत होते. त्यांना नावं ठेवणार नाही, कारण सांगितल्याशिवाय कळणार कसं? मात्र सिसिलीतल्या ऑगस्टा गावच्या लोकांना ती बोट आठवणीसाठी आपल्याकडे हवी होती, २०२१ मध्ये ती तिकडे परतही गेली. बिएनालेपेक्षा त्या गावाचा तिच्यावर जास्त हक्क आहे, असं मला वाटतं.

दर्यावर्दी

रेवतीताई, मी मूळचा वेंगुर्ल्याचा, मालवाहू जहाजांवरून चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. कलेचं शिक्षण नाही, पण ही बोट माझ्या धंद्यातली आहे, म्हणून लिहितो.

त्या रात्री मदतीला कोण गेलं होतं हे मुलांना आधी सांगा. 'किंग जेकब' नावाचं पोर्तुगालचा झेंडा लावलेलं मालवाहू जहाज. रोमच्या बचाव केंद्राने कळवलं म्हणून त्यांनी वाट बदलली. ती बोट येऊन त्यांच्यावरच आदळली आणि उलटली. मालवाहू जहाजाची बाजू भिंतीसारखी उंच असते. खालून माणसं वर घेणं दिवसाउजेडी, शांत पाण्यातही जिकिरीचं. त्यात गच्च भरलेल्या बोटीतली माणसं दिवे दिसले की एका अंगाला धावतात, बोट कलते. खाली कोंडलेल्यांना तर वर यायला वाटच नसते. आम्ही बचावाच्या कवायती करायचो तेव्हा माझ्या डोळ्यापुढे हेच यायचं. बुडणाऱ्याला वाचवणं जहाजाच्या कप्तानावर कायद्याने बंधनकारक आहे, पण असल्या कामासाठी मालवाहू जहाज बांधलेलंच नसतं.

हे कळल्याशिवाय बोट बघितली तर गंजलेला सांगाडा दिसणार. म्हणून फलक न लावणं मला अजिबात पटत नाही. बघणाऱ्याने स्वतः विचार करावा, हे ठीक आहे. पण विचार करायला हातात काहीतरी द्यायला हवं ना? मिलानच्या न्यायवैद्यक तज्ज्ञ क्रिस्तिना कात्तानेओ यांच्या चमूने याच बोटीतल्या मृतदेहांची ओळख पटवण्याचं काम केलं. एका मुलाच्या जाकिटात शिवून ठेवलेलं शाळेचं प्रगतिपुस्तक सापडलं. तो मालीचा, साधारण चौदा वर्षांचा. परदेशात आपली हुशारी दाखवायला त्याने गुणपत्रिका अंगाशी ठेवली होती. हे कळलं की त्या बोटीकडे बघण्याची नजर बदलते.

दुसरं काय दाखवावं, यावर माझं उत्तर पक्कं आहे: 'लेफ्ट-टू-डाय बोट'. चार्ल्स हेलर आणि लोरेंझो पेझ्झानी यांच्या 'फॉरेन्सिक ओशनोग्राफी' या समुद्रावरच्या मृत्यूंचा छडा लावणाऱ्या प्रकल्पाचं काम. मार्च २०११ मध्ये त्रिपोलीहून ७२ माणसं घेऊन रबरी बोट निघाली. इंधन संपलं. सॅटेलाइट फोनवरून मदत मागितली, इटलीच्या तटरक्षक दलाने आसपासच्या जहाजांना खबर दिली. एका लष्करी हेलिकॉप्टरने पाणी-बिस्किटं टाकली आणि ते निघून गेलं. लिबियावर तेव्हा नाटोची कारवाई चालू होती, त्या पाण्यावर कडक पाळत होती. तरी बोट चौदा दिवस वाहत राहिली आणि परत लिबियालाच लागली. ६३ जण मेले.

या दोघांनी फोनची जागा, वारा आणि प्रवाह यांवरून बोट कशी वाहत गेली असेल याचा नकाशा काढला, उपग्रहाच्या चित्रांत जवळपास मोठी जहाजं होती हे दाखवलं. हिशोब आमच्याच पद्धतीचा आहे, चार्टवर पेन्सिलीने आम्ही हेच करत आलो. मला हे सगळ्यांत थोर काम वाटतं, कारण ते "किती वाईट झालं" एवढ्यावर थांबत नाही, कोणाला दिसत होतं आणि कोण गेलं नाही हे विचारतं. त्या अहवालावरून युरोपातल्या काही देशांत न्यायालयीन तक्रारीही झाल्या. त्याला कला म्हणायचं की पुरावा, ते तुमच्या मुलांनी ठरवावं.

केतकी

दर्यावर्दीकाकांशी सहमत, पण नकाशाने माझं पोट ढवळत नाही. कवी राउल झुरितांची 'सी ऑफ पेन' ही मांडणी दाखवा. कोची-मुझिरिस बिएनाले, २०१६. क्युरेटर आपल्या मुंबईचे सुदर्शन शेट्टी होते. अ‍ॅस्पिनवॉल हाऊसमधलं एक लांबलचक दालन पाण्याने भरलेलं. चपला काढून, सलवार वर धरून चालत जायचं. भिंतींवर प्रश्न लिहिलेले, शेवटी गालिप कुर्दीसाठी कविता. २०१५ मध्ये बुडालेल्या अलान कुर्दी या चिमुकल्या सीरियन मुलाचा किनाऱ्यावरचा फोटो जगाने पाहिला, त्याच्यासोबत बुडालेल्या त्याच्या मोठ्या भावाचा, गालिपचा, असा फोटो नव्हता. झुरिता चिलीचे. १९७३ च्या लष्करी उठावात त्यांना पकडून जहाजाच्या पोटात डांबलं होतं, आणि हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत माणसं मारून समुद्रात फेकली गेली. त्यांनी दुसऱ्याचं दुःख उसनं घेतलंय, असं मला तिथे क्षणभरही वाटलं नाही. चिनी कलाकार आय वेईवेईंनी अलानसारखं पालथं पडून काढून घेतलेला फोटो एका भारतीय मासिकासाठीच होता, आणि तो मला आजही सहन होत नाही. तोही शेजारी ठेवा, मुलं फरक बरोबर ओळखतील.

रेवती_पुणे

सगळ्यांचे आभार. क्रम ठरला: आधी प्रगतिपुस्तकाची हकिगत, मग बोटीचा फोटो, मग नकाशा, शेवटी कोची. अनघा, ऑगस्टाच्या लोकांचा मुद्दा मी वर्गात चर्चेला ठेवते. दर्यावर्दीकाका, पुढच्या शनिवारी सकाळी वर्गाशी व्हिडिओ कॉलवर बोलाल का? प्रवाह आणि वाऱ्याचा हिशोब मला फळ्यावर मांडता येणार नाही.

दर्यावर्दी

बोलेन. अकरानंतर ठेवा. फळ्यावर मध्य भूमध्याचा मोठा नकाशा लावून ठेवा, त्रिपोली आणि इटलीचं लाम्पेदुझा बेट दोन्ही दिसतील असा.