मदत हवी आहे: शिळं पाणी रोज ओतलं जातं, काय करू? (ठाणे)

नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, घरात पाच माणसं. सोसायटीत टँकर सुरू झाले तेव्हा मी आठवडाभर बादलीच्या मापाने घरातलं पाणी मोजून वहीत लिहिलं. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात, म्हणजे आमचे ६७५. वहीत साडेआठशे निघाले.

फ्लशची टाकी गळतेय अशी शंका होती. टाकीत खायचा लाल रंग घातला, वीस मिनिटांत फ्लश न करताच भांड्यात तांबडी रेघ उतरली. वॉशर बदलून घेतला. नळांना एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी) लावले, आरओचं वाया जाणारं पाणी लादीला घेतो. अडलंय ते पिंपापाशी.

पाणी सकाळी दोन तास येतं. ते आलं की सासूबाई कालचं उरलेलं सगळं मोरीत ओततात आणि ताजं भरतात. पिंप, हंडा, कळशी मिळून रोजचे चाळीसेक लिटर. त्या गुहागरकडच्या. "शिळं पाणी देवाला चालत नाही," म्हणतात. गावी मी स्वतः पाहिलंय, असं ओतलेलं पाणी पन्हळीतून केळीच्या बुंध्यात जायचं, थेंब वाया जात नव्हता. इथे सातव्या मजल्यावर केळ कुठून आणू? आईंचं मन न दुखवता काय करता येईल?

प्रतिसाद १:
शिळं-ताजं यावर वाद घालू नका. देवाचा तांब्या आणि प्यायची कळशी ताजी भरू द्या. बाकी उरलेलं पाणी सकाळीच वॉशिंग मशीनमध्ये ओता. टॉप लोड असेल तर झाकण उघडून सरळ ओतता येतं. आमच्याकडे हेच चालतं.

प्रतिसाद २:
फक्त आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात, नुसतं ओतून जात नाहीत. बाकीचे दिवस घट्ट झाकण.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. मशीन टॉप लोडच आहे. आज आईंसमोरच हंडा त्यात रिकामा केला. त्या थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "कळशीतलं राहू दे, अळूच्या कुंडीला घालते." अजून एक विचारायचंय: मशीनचं खळबळून निघालेलं शेवटचं पाणी त्या अळूला चालेल का? आम्ही पानं खातो, म्हणून भीती वाटते.