बाबांचा खोकला थांबत नाही, बीपीची गोळी आठवडाभर बंद करू का?

रानपाखरू: दोन महिने झाले, बाबांना कोरडा खोकला. रात्री दोनला उठून बसतात, पाठ टेकली की पुन्हा ढास. एक्स-रे स्वच्छ, औषधाच्या दोन बाटल्या संपल्या. बीपीच्या गोळ्या चालू असून काल 158/94. गोळी आठवडाभर बंद करून बघू का? लवकर सांगा.

धुकं: कुठली गोळी? किती मिलिग्रॅम? वय?

रानपाखरू: छोटी, पांढरी, सकाळची. वय 63.

वाटसरू: माझ्या आईचे अॅम्लोडिपिनने घोटे सुजायचे. संध्याकाळी बोट दाबलं की खळगा राहायचा. डॉक्टरांनी डोस अर्धा केला, सूज उतरली. तीच गोळी असणार.

धुकं: अहो, त्यांनी खोकल्याचं विचारलंय. रानपाखरू, पट्टीच्या मागचं नाव वाचा.

शांतिपथ: रोज अनुलोम-विलोम करायला लावा. माझी गोळी सहा महिन्यांत सुटली.

सांजवात: तुमची सुटली, चांगलं झालं. यांच्या वडिलांचं हृदय कसं आहे तेही आपल्याला माहीत नाही.

शांतिपथ: प्राणायामाने कुणाचं वाईट झालंय?

सांजवात: प्राणायामाने नाही हो, गोळी सोडल्याने होतं.

रानपाखरू: वाद नको, प्लीज. रॅमिप्रिल 5. दुसऱ्या पट्टीवर मेटोप्रोलॉल 50. 2019 मध्ये स्टेंट टाकलाय, त्याच्या गोळ्या वेगळ्या.

धुकं: स्टेंटचं आधी सांगायचं ना! रॅमिप्रिलच्या गटातल्या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साठतं, त्याने असाच खोकला येतो. डॉक्टर बहुतेक टेल्मिसार्टनसारखी गोळी देतील, तिने खोकला क्वचितच होतो. बदलल्यावरही जायला एक ते चार आठवडे लागतात, म्हणजे आठवडाभर बंद ठेवून नीट कळणारही नाही. आणि मेटोप्रोलॉल अचानक अजिबात थांबवू नका, अटॅक येऊ शकतो.

वाटसरू: कोलेस्टेरॉलची गोळी मात्र रात्रीच घ्यायची.

धुकं: अॅटोरवास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन कधीही चालते. रोज ठरल्या वेळी घेतली की झालं.

सांजवात: दुखण्यावरची गोळी घेतात का?

रानपाखरू: गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, रोज. बीपीचा विषय नाही म्हणून लिहिली नाही.

सांजवात: बीपीचाच विषय आहे! तिने बीपी चढतं, रॅमिप्रिलबरोबर किडनीवर ताण येतो, आणि स्टेंटवाल्यांना ती धोक्याचीच. क्रिएटिनिन, पोटॅशियम कधी तपासलं?

रानपाखरू: आठवत नाही. सकाळीच सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेतो. तोवर बीपीची काहीच बंद करत नाही.

वाटसरू: मला लोसार्टनने उठताना चक्कर येते. कुणाला अनुभव?